लाल ठिपका

थंडोबाच्या घरातला फ्रीज पाहिला असतात तर तुम्ही आधी पोट धरून हसला असतात आणि मग वहिनींची कीव केली असतीत. थंडोबा म्हणजे त्या गल्लीतला फ्रीज दुरुस्त करणारा. हे नाव लोकांनी ठेवलेलं, आणि धंद्यावरून नव्हे हं, स्वभावावरून. घराला आग लागली तरी हा गृहस्थ आधी कपातला चहा संपवील आणि मग विचारील, "काय म्हणता?" त्याची बायको ती साऱ्या गल्लीची वहिनी. त्यांचा कारभार अगदी उलटा. सगळं कालच व्हायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं.

तर फ्रीज. त्याचं अंग एका खानावळीतून काढलेलं, दार दातांच्या डॉक्टरांकडचं, कप्पे औषधाच्या दुकानातले. अंग हिरवं, दार पांढरं. दार लावायचं तर गुडघ्यानं ढुशी द्यावी लागे, आणि बर्फाच्या कप्प्याचं झाकण चक्क नाडीनं बांधलेलं! पण थंडोबाला त्याचं कोण कौतुक. आपला तो बाब्या.

"दुकानातला नवा फ्रीज माझ्या घरात?" तो म्हणे. "उद्या गिऱ्हाईक म्हणेल, याचा स्वतःच्याच कामावर भरवसा नाही."

वहिनी हे ऐकून गप्प बसत. गप्प म्हणजे, भांडी जरा जोरात आपटत. पण यंदा गोष्ट वेगळी होती. वहिनी आइस्क्रीम फार छान करायच्या, आणि आजवर गल्लीतली पोरंटोरं ते फुकट चापून गेली होती. आता शाळेतल्या बाईंनी त्यांना पहिलीवहिली खरी ऑर्डर दिली होती. मोठ्या बाई निवृत्त होणार, त्यांच्या निरोपाला साऱ्या शाळेला आइस्क्रीम. नाडीच्या कप्प्यात ते जमणार कसं? वाटीभर लावून पाहिलं तर सकाळी चमच्यानं खायच्याऐवजी फुलपात्रानं प्यायची वेळ आली.

"अहो, आता तरी नवा घ्या," वहिनी म्हणाल्या.

"अगं, चालू फ्रीज कुणी टाकतं का? हा ज्या दिवशी माझ्या हातानं सुरू होणार नाही, त्या दिवशी नवा. शब्द देतो."

"पुन्हा म्हणा."

तो पुन्हा म्हणाला. बिचाऱ्याला काय ठाऊक, कुणाच्या हाती कोलीत देतोय ते.

आता थंडोबाची एक सवय सांगायला हवी. मेलेला सुटा भाग तो टाकून देत नसे. त्याचा स्क्रू, त्याची पट्टी कधी ना कधी कामी येते म्हणायचा. पण चांगला आणि मेलेला एकाच डब्यात राहणार, म्हणून मेलेल्यावर तो वहिनींच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा. ठिपका दिसला की त्या भागाला हात लावायचा नाही, नाही दिसला की डोळे मिटून बसवायचा. नेलपॉलिशची बाटली महिन्यात रिकामी होते म्हणून वहिनी कितीदा करवादल्या असतील. त्याच बाटलीनं त्यांना वाट दाखवली.

थंडोबा कामावर गेला तशी वहिनींनी रिलेचा डबा काढला. रिले म्हणजे कॉम्प्रेसरला धक्का देऊन सुरू करणारी काडेपेटीएवढी डबी. ती गेली की आतला दिवा लागतो, पण मागून नुसतं 'टक्' होतं आणि गारवा शून्य. जेवताना नवरा दुसरं बोलतो काय? इतक्या वर्षांत हे सगळं वहिनींच्या कानावरून शंभरदा गेलं होतं. त्यांनी नेलपॉलिश काढायच्या पाण्यानं मेलेल्या रिलेंचे ठिपके पुसले आणि चांगल्यांना एकेक लाल ठिपका दिला. मग प्लग काढून, फ्रीज भिंतीपासून ओढून, त्याची चांगली रिले उपटली आणि तिच्या जागी मेलेली खोचली. हात धुतले. आरशात पाहून स्वतःशीच हसल्यासुद्धा.

संध्याकाळी थंडोबानं पाण्याची बाटली तोंडाला लावली. "अगं, पाणी कोमट कसं?"

"कुणास ठाऊक बाई. बघा की तुम्हीच."

तो फ्रीजमागे बसला. रिले काढली, कानाशी धरून हलवली, जरा थांबला. मग डब्यातली बिनठिपक्याची एक बसवली. टक्. दुसरी बसवली. टक्. तिसरीही तशीच. थर्मोस्टॅट बदलून पाहिला, वायरी चाचपल्या. वहिनी ओट्याशी उभ्या राहून चेहरा भोळा ठेवायची पराकाष्ठा करत होत्या. मनात मात्र नव्या फ्रीजचा रंगही ठरून गेला होता.

थंडोबा उठला. "हरलो," म्हणाला. "उद्या नवा आण."

वहिनींना वाटलं, जिंकले! पण तो पुढे म्हणाला, "आणि हत्यारांची पिशवी कुणाला तरी देऊन टाक. ज्याला घरचा फ्रीज जमत नाही त्यानं लोकांच्या फ्रीजला हात लावू नये. हात गेला माझा."

झालं! दुसऱ्या दिवशी तो कामाला गेलाच नाही. पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. खानावळवाल्याचा फोन आला तर म्हणाला, "दुसरा माणूस बघा, माझ्याच्यानं आता होत नाही." जेवणाचं ताट तसंच परत आलं. बिस्किटांचा पुडा तेवढा अर्धा झाला होता, पण वहिनींना वाटलं, उंदीर लागले.

नवा फ्रीज आणायला वहिनींचे पाय काही उचलेनात. कसे उचलणार? आयुष्यभर ज्या कामावर हा माणूस जगला, ते आपण एका बाटलीनं पुसून टाकलं. निरोपाचा समारंभ परवावर आलेला, शाळेतल्या बाईंचा फोन वाजून वाजून थांबला, तरी त्यांनी उचलला नाही. जळो ती ऑर्डर, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. दुपारी थंडोबानं एक उसासा टाकला, इतका लांब, की त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"अहो, उठा. तुमचा हात बित काही गेलेला नाही. मी केलंय सगळं. ठिपके मी पुसले. ठिपकेवाल्या रिले आहेत ना, त्या चांगल्या आहेत."

पांघरूण हललं. आधी वाटलं रडतोय. मग आवाज फुटला. हा पठ्ठ्या हसत होता!

"अगं, मेलेली रिले हलवली की खुळखुळते. पहिलीच वाजली कानात. शिवाय डबा उघडला तर नेलपॉलिश काढायच्या पाण्याचा हा वास! म्हटलं, बघू किती वेळ दम धरतेस."

"म्हणजे ते उसासे..."

"चांगले जमले ना?"

"आणि बिस्किटं?"

"भूक लागते गं माणसाला."

वहिनींनी उशी उचलून त्याच्या डोक्यात घातली. मग दुसरी घातली. डोळे पुसले, ते रागानं की सुटल्यासारखं वाटून, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. शेरास सव्वाशेर भेटला होता, आणि तोही घरातच.

थंडोबा मजेत स्टुलावर बसला, चहा मागितला आणि फ्रीजकडे बोट दाखवलं. "तू उपटलीस, आता तूच बसव. शिक्षा आहे ती."

वहिनी त्याच्या हाती चहाचा कप देऊन मुकाट्यानं फ्रीजमागे गेल्या. ठिपकेवाली रिले घेतली, कानाशी हलवून पाहिली, खोचली, प्लग लावला. घर्र... फ्रीज सुरू झाला.

"बघ!" थंडोबानं मांडीवर थाप मारली. "झाला की नाही सुरू? आता कसला नवा नि कसलं काय."

वहिनींनी पदराला हात पुसले. "शब्द काय होता तुमचा?"

"ज्या दिवशी हा माझ्या हातानं सुरू होणार नाही..."

वहिनींनी आपले दोन्ही हात त्याच्या नाकासमोर धरले. बोटं काळी झाली होती.

"हे हात कुणाचे?"

उभ्या आयुष्यात पहिल्यांदा थंडोबाचा चहा हातात निवून गेला. तो फ्रीजकडे बघत राहिला. मग उठला, दारावरून एकदा हात फिरवला, फळीवरची नेलपॉलिशची बाटली घेतली आणि त्या पांढऱ्या दारावर, मुठीजवळ, एक लाल ठिपका दिला.

"अहो, चालू आहे की तो!" वहिनींचाच जीव गलबलला.

"असू दे," थंडोबा म्हणाला. "चप्पल घाल. दुकान बंद व्हायच्या आत निघू."