मालकीणबाईंची तरी

काळा रंग नीट पाहिलेली बाई जगात एकच, आणि ती म्हणजे आमच्या मालकीणबाई. चित्रकार असून काळ्या रंगाची ट्यूब त्यांनी जन्मात विकत घेतली नाही. "ट्यूबमधला काळा हा आळशी माणसाचा काळा," असं म्हणत त्या निळा, तांबडा, जांभळा घोटत बसायच्या आणि प्रत्येक बाईचा काळा वेगळा काढायच्या. चर्चमधल्या मैत्रिणी, बस चालवणारी शेजारीण, सख्खी मावशी, सगळ्या कृष्णवर्णीय, सगळ्या भिंतीएवढ्या, आणि हसणारी एक नाही. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "कशाला हसायचं? पाहुणे आलेत?" हॉलमध्ये देवाच्या तसबिरीसारखी फ्रेम करून त्यांनी आजीची लोखंडी फणी लावली होती. ती तापवून केस सरळ करायचे म्हणे. येणाऱ्या प्रत्येकाला फणीसमोर उभं करून सांगायच्या, "हिने आमच्या तीन पिढ्यांचे कान भाजलेत." त्यांचे स्वतःचे केस मात्र एवढे मोकळे आणि एवढे उंच, की गाडीत बसताना आधी केस बसायचे, मग त्या.

आम्ही देश सोडून त्यांच्या तळघरात राहायला आलो तेव्हा आमचं फार बरं चाललेलं नव्हतं. बाबा आयसेलिनमधल्या एका किराणा दुकानात पोती उचलायचे, आई ओक ट्री रोडवरच्या एका हॉटेलात दिवसभर पोळ्या लाटायची. आईचं शिक्षण सातवी आणि रंग चांगला काळा. लग्नाआधी दाखवायला बसवली की पाहुणे पोहे संपवायचे आणि 'कळवतो' म्हणायचे. मी तिच्यावरच गेले, म्हणून दर रविवारी माझ्या तोंडाला साय आणि डाळीचं पीठ.

अशा माझ्या आईने मालकीणबाईंना दारात पहिल्यांदा पाहिलं आणि अगदी मनापासून कौतुक केलं, "काळी आहे, तरी नाकी-डोळी नीटस आहे हो!"

बाईंना मराठी येत नव्हतं, पण कान तिखट. "ते 'तरी' काय? त्यावर जोर दिला तिने."

मी पंधरा वर्षांची. खरं सांगितलं तर हे घर जाईल, या भीतीने तोंडाला येईल ते बोलले, "तरी म्हणजे... मिसळीवरचा लाल तिखट थर. सगळ्यात चांगला भाग. तुम्ही तशा आहात, म्हणतेय आई."

बाई खूश. पुढच्याच रविवारी त्यांनी मिसळ मागितली, आणि मग दर रविवारी वाटी घेऊन जिन्यात हजर. "सिस्टर, मोअर तरी!" एकदा मी तोंडाला पीठ लावलेली त्यांना सापडले. हे कशासाठी, विचारलं. उजळायला, म्हटलं. मला तसंच वर नेलं, तोंड धुवायला लावलं आणि समोर बसवून माझा रंग घोटला. अकरा रंग लागले. पॅलेट माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "यातला नको असलेला दाखव. काढून टाकते." मला एकही दाखवता आला नाही. डाळीचं पीठ त्या दिवसापासून फक्त पिठल्याला.

चित्रं मात्र कोणी घेत नव्हतं. गॅलऱ्यांचं उत्तर ठरलेलं, काम उत्तम, चेहरे जरा सौम्य करा. बाई ती पत्रं ब्रश पुसायला वापरायच्या. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा एका मोठ्या संग्रहालयाने त्यांना अख्खं दालन दिलं. बाई जिन्यावरून ओरडतच आल्या, "मावशीचं चित्र मधोमध! आणि नाव ठरलं, 'तरी'! आमंत्रणं उद्या छापायला जाणार!"

आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर होणार होते मी, आणि ज्या बाईने मला माझा रंग दाखवला तिच्या आयुष्यभराच्या कामावर माझी थाप छापली जाणार होती. मी सगळं सांगून टाकलं.

बाई पायरीवर बसल्या. "म्हणजे, काळी असूनही सुंदर. हे वाक्य मला इंग्रजीत पाठ आहे, बेबी. मराठीत त्याला तेल सुटतं, एवढंच माहीत नव्हतं."

आई ओढणीला हात पुसत बाहेर आली. काय झालं ते कळल्यावर म्हणाली, "ताई, चुकलं माझं. मला पण असंच पसंत केलं होतं. काळी आहे, तरी कामाला वाघ आहे." या वेळी मी बाईंना शब्दन्‌शब्द खरा सांगितला.

मग बाईंनी विचारलं, "हा शब्द आणखी कुठे वापरता?"

मी सुचेल ते सांगितलं, "एवढं सगळं झालं, तरी मी उभी आहे."

"मग नाव बदलायचं कशाला?" बाई उठल्या. "सिस्टर, लिहून दे. तुझ्या अक्षरात."

उद्घाटनाला दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. मावशीच्या चित्रासमोर बाईंनी आईला विचारलं, "कशी आहे?" आईने नीट पाहिलं. "काळी आहे. देखणी आहे." मध्ये एक शब्द नाही.

बाई आता जॉर्जियात बहिणीजवळ राहतात. फणी सोबत नेली. हॉलमध्ये तिचा खिळा तेवढा उरलाय. रविवारी आई अजून एक वाटी जास्तीची काढते, मग परत ठेवते.

मावशीचं चित्र संग्रहालयाने कायमचं घेतलं. खाली पितळी पाटी आहे, तिच्यावर देवनागरीत 'तरी'. अक्षर माझ्या आईचं आहे.