बाबांसाठी धरलेला उपास

बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा आईने संकठा देवीला हात जोडून सांगितलं, "हे बरे होऊन घरी येईपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही." म्हणजे पोळी नाही, भात नाही, डाळ नाही. साबुदाणा, बटाटा, दूध नि चहा. नवस पुरा झाला की उद्यापन करायचं आणि मगच जेवायचं, अशी आमच्याकडची रीत. बाबा घरी आलेच नाहीत. मग उद्यापन कशाचं करणार? आई उपास तसाच चालवत राहिली. वर्ष होत आलं.

आमची खिडकी घाटाकडे उघडते. आई दिवसभर तिथेच बसायची. थंडीत गंगा धुक्यात दिसेनाशी व्हायची, नावा हवेतून आल्यासारख्या यायच्या, आणि आईही त्यांच्याबरोबर कुठेतरी निघून गेलेली असायची. दूध उतू गेलं तरी रडायची. हाक मारली की बऱ्याच वेळाने "काय गं?" म्हणायची. येणारा-जाणारा म्हणे, दुःख मोठं आहे, वेळ लागेल. डॉक्टर मात्र तिचे रिपोर्ट बघून वैतागले. "दुःख आहेच हो, पण यांच्या अंगात रक्तही नाही. आधी नीट जेवायला घाला."

जेवायला घाला म्हणे! मी विनवलं, ओरडले, एकदा भरलं ताट आपटलं. आईचं एकच, "देवीला शब्द दिलाय." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "ठीक आहे, मग आजपासून मीही. तू सोडशील तेव्हाच मी सोडीन!"

सुरुवातीला छान हलकं वाटलं. मग शाळेत शिकवताना पोरींवर उगाच खेकसायला लागले, रिक्षावाल्याशी भांडले. शाळा सुटल्यावर अमृतराव घाटावर बसले की पायऱ्या पाण्याबरोबर हळूच हलतायत असं वाटायचं. आरतीच्या घंटा दुसऱ्याच गावातून ऐकू यायच्या. पलीकडच्या वाळूत बाबा चालताना दिसायचे, पांढऱ्या सदऱ्यात, नेहमीसारखे मागे हात बांधून. उठावंसंच वाटायचं नाही. खरं सांगते, तिथे फार बरं वाटायचं, आणि त्याचीच मला भीती वाटली. आई रोज खिडकीतून हेच बघत असणार.

एका रविवारी दुपारी मी साबुदाण्याची खिचडी केली. तिचा नुसता गोळा झाला. तो बघून मला रडूच फुटलं, हुंदके देऊन, लहान पोरीसारखं. आईने वळून पाहिलं. कितीतरी महिन्यांनी तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"अगं पगली, खिचडीसाठी रडतात का? तुला भूक लागलीये."

"आणि तुला गं?" मी म्हटलं.

ती भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेली. तांदूळ धुतल्याचा आवाज आला, मग कुकरची शिट्टी, मग हिंग-जिऱ्याची फोडणी. त्या वासाने घर एकदम आमचं वाटलं. तिने माझ्यापुढे वरणभात ठेवला, वर तुपाची धार धरली. मी हात मांडीवर ठेवून बसले.

"आधी तू."

"हट्टी मेली," आई म्हणाली. मग तिने आपलंही ताट वाढून घेतलं. देवीच्या देवळाच्या दिशेला हात जोडले, काहीतरी पुटपुटली. भात कालवला. घास तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

"म्हणजे आता हे येणार नाहीत गं," ती म्हणाली. बाबा गेल्यापासून हे तिने एकदाही म्हटलं नव्हतं.

"नाही येणार, आई."

तिने घास तोंडात घातला. चावला, गिळला आणि मोठ्याने रडायला लागली. रडता रडता दुसरा घास कालवला. मग मनगटाने डोळे पुसत माझ्यावर ओरडली, "बघत काय बसलीस? जेव! गार होतोय भात!"