पाच वाजता सुटणारा कुमा

उल्हासचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. २००६ साली टोकियोतल्या एदोगावा भागात हा पुण्याचा इंजिनिअर आमच्या खाली राहायचा. ऑफिसातल्या मोरी-सानांची बदली झाली, तेव्हा त्यांचा कुत्रा हौसेने घेऊन आला आणि वृंदाच्या, म्हणजे बायकोच्या, गळ्यात मारून मोकळा झाला. मेंढ्या वळणाऱ्या जातीचा, अंगात नुसतं वारं! नाव कुमा. घरापुढे अंगण जेमतेम चार हात.

वृंदा रोज सकाळी त्याला तासभर नदीकाठी पळवायची. तरी संध्याकाळी हा कुंपणावरून पसार. मग ही दारोदार वाकून माफी मागणार. उल्हासने काय केलं? कुंपण वाढवलं. कुमाने तेही ओलांडलं. शेवटी घर भाड्याने देणाऱ्या एजंटची चिठ्ठी आली: आणखी एकदा सुटला, तर कुत्रा ठेवता येणार नाही.

वृंदाला जेवण जाईना. "अनुराधाताई, हा जातो तरी कुठे हो?"

"आज बघूच," मी म्हटलं.

दोघी पट्टा धरून अंगणात बसलो. पाचला पालिकेच्या भोंग्यावर पोरांना घरी धाडणारी रोजची धून वाजली, समोरच्या बागेतली पोरं घरोघर पांगायला लागली आणि कुमाने असा हिसका दिला की वृंदा फरफटत बागेत. तिला ओढतच त्याने पोरांभोवती फेरी मारली, चौघांना घसरगुंडीपाशी गोळा केलं आणि समोर पोट टेकून बसला. अगं बाई, पांगलेली पोरं बघवत नव्हती त्याला!

वृंदा कुमाला घेऊन पोरांबरोबर त्यांच्या घरांपर्यंत चालत गेली. शेवटचं पोर घरात शिरलं, तसा कुमा मुकाट्याने परतला आणि झोपला.

तिने आनंदाने उल्हासला फोन केला. तो म्हणाला, "उद्या साडेपाचला चिबाहून माणूस येतोय कुत्रा न्यायला. ठरलंय."

"मला विचारलंस?"

"मीटिंग आहे, ठेवतो."

अरे वा रे! माफ्या मागितल्या कुणी?

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला वृंदाने बूट चढवले. मोबाइल टेबलावर ठेवला. "ताई, कुणी आलं तर बघा," म्हणाली आणि कुमाला घेऊन निघाली.

साडेपाचला बेल वाजत राहिली. मी गॅलरीतून वाकले आणि माझ्या मोडक्या जपानीत त्या माणसाला ठणकावून सांगितलं, "कुमा कामावर गेलाय. द्यायचा नाही."

त्याची गाडी वळेपर्यंत मी तिथून हलले नाही.