काजलचं लॉगिन

मंडळी, इथले गूढ अनुभव मी बरेच दिवस नुसते वाचत आलेय, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठीच वाचायची. माझ्या सासूबाई मुलांच्या गळ्यात ताईत बांधायच्या आणि मी आंघोळीच्या वेळी ते गुपचूप काढून ठेवायची. कॉम्प्युटर लॅब सांभाळणं हे माझं काम. मशीन चालू होत नसेल तर कुठेतरी वायर ढिली असते, पासवर्ड घेत नसेल तर कॅप्स लॉक चालू असतं. कारण शोधलं की सापडतंच, असा माझा पक्का समज होता...

मी मूळची ढाणकीची. महागाव तालुक्यातल्या एका कॉलेजात नोकरीला आहे. कॉलेजचं नाव देत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. आमच्या विद्यापीठाकडून प्रत्येक विद्यार्थ्याला ईमेलचं खातं मिळतं, सोबत फाइली ठेवायला जागा. ॲडमिशन झाली की पोरं माझ्याकडे येतात. पहिलं लॉगिन मी करून देते, मग नवीन पासवर्ड ते स्वतः टाकतात. तेवढा वेळ मी तोंड फिरवून उभी राहते.

काजल फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरची. पहिल्या वर्षी माउस हातात घ्यायला घाबरायची. तिसऱ्या वर्षाला आली तेव्हा कीबोर्डकडे न बघता, दोन्ही हातांनी, भराभर टाइप करायची. आणि एन्टर मात्र उजव्या करंगळीनं जोरात मारायची. मी पलीकडे काम करत असले तरी त्या आवाजावरून ओळखायची, काजल आली.

दिवाळीच्या आधी तिला ताप आला. महागावला दाखवलं, मग यवतमाळला नेलं. प्लेटलेट्स उतरतच गेल्या. काजल परत आली नाही. त्या धावपळीत तिचा मोबाइल गाडीत कुठे पडला, तोही सापडला नाही.

नंतर एक दिवस तिचे वडील, वसरामभाऊ, तिची कागदपत्रं न्यायला कॉलेजात आले. ऑफिसातलं काम आटोपून लॅबच्या दाराशी येऊन थांबले. चपला काढल्या, पण आत येईनात.

"मॅडम, तिचा आवाज हाय का तुमच्या कॉम्प्युटरात?"

मला आधी कळलंच नाही.

"फोटो हायेत आमच्यापाशी. एक मोठा करून भितीवर लावला. पन आवाज नाही. सारा त्या मोबाइलात होता. तिची माय म्हनते, मले पोरीचा आवाज आठवून नाही राह्यला. रोज तेच म्हनते. दोन घास धड खात नाही."

आवाज होता. आजारी पडायच्या थोडे दिवस आधी काजलनं माझ्याच लॅबमध्ये बसून सेमिनार रेकॉर्ड केला होता. तो तिच्या खात्यात होता. तिच्या विषयाच्या सरांनी तिथेच ऐकून मार्क दिले होते, कॉपी कोणी काढून ठेवली नव्हती. मी वसरामभाऊंना म्हटलं, "काढून देते. काकूंना सांगा."

बोलून तर बसले... पण ते माझ्या हातात नव्हतं. पासवर्ड फक्त काजलला माहीत. तो बदलायचा तर ओटीपी तिच्या नंबरवर जाणार, आणि तो नंबर बंद. विद्यापीठाला मेल केला, फोन केले. तिकडचे सर सभ्य होते. म्हणाले, "मॅडम, विद्यार्थ्याचं खातं आम्ही दुसऱ्या कोणाला उघडून देऊ शकत नाही. मयत झाल्याची नोंद आली आहे, ते आता डिलीट होईल." त्यांचंही चुकत नव्हतं. उद्या माझ्या मुलीचं खातं कोणी मागितलं तर मीही हेच म्हणेन.

मग मी अंदाज लावत बसले. तिचं नाव, तांड्याचं नाव, जन्मतारीख. शेवटी स्क्रीनवर सूचना आली, आणखी चुकलात तर खातं लॉक होईल. मी हात काढून घेतला.

वसरामभाऊंना फोन करून सांगितलं, जमत नाही. ते मग म्हणाले, "तिची माय यायचं म्हनते. नुसती जागा पाहाले."

दोघं दुपारी आले. परीक्षा संपलेल्या, लॅब रिकामी. काजलची आई सोनीबाई पहिल्यांदाच कॉलेजात येत होती. बाई कधी शाळेत गेलेली नाही, सहीच्या जागी अंगठा लावते. मी खिडकीजवळचं मशीन दाखवलं. ती खुर्चीवर बसली, पदरानं टेबल पुसलं.

"इथंच बसे का?"

"हो काकू. इथंच."

तिला लेकीचं नाव तरी दिसावं म्हणून मी लॉगिनचं पान उघडलं, काजलचा आयडी टाकला. खाली पासवर्डची चौकट आली. मी बोट ठेवून दाखवलं, "हे तिचं नाव."

सोनीबाईनं दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले.

"हात नोको लावू वं," वसरामभाऊ मागून म्हणाले. "बिघडन."

"राहू द्या भाऊ," मी म्हटलं. मला वाटलं, लेकीचा हात जिथे लागला तिथे तिला हात फिरवायचा आहे.

आणि तिची बोटं चालायला लागली.

पहिल्यांदा कीबोर्डला हात लावणारा माणूस एका बोटानं अक्षर शोधतो. गेली कित्येक वर्षं मी हेच बघतेय. ही बाई शोधत नव्हती. दोन्ही हात, भराभर, आणि डोळे स्क्रीनवरच्या नावावर. चौकटीत ठिपके उमटत गेले. मग उजव्या करंगळीनं जोरात एन्टर.

तो आवाज मी ओळखला.

खातं उघडलं. कोपऱ्यात काजलचा छोटा गोल फोटो.

सोनीबाईनं हात मागे घेतले आणि दचकून माझ्याकडे पाहिलं. "म्या काय केलं? बिघडलं का मॅडम?"

मी मान हलवून नाही म्हटलं. माउस घेतला, फाइल शोधली, स्पीकर लावला.

"गुड आफ्टरनून एव्हरीवन," काजल म्हणाली.

सोनीबाईनं तोंडाला पदर लावला. सेमिनार इंग्रजीत होता, ईमेल एका ठिकाणाहून दुसरीकडे कसा पोचतो यावर. थोड्या वेळानं तिनं माझा हात धरला. "काय म्हनून राह्यली?"

मी सांगत गेले. "म्हणते, आपण लिहिलेलं आधी बारीक बारीक तुकडे होऊन निघतं. सगळे तुकडे एका वाटेनं जातीलच असं नाही. ज्याला पाठवलं त्याच्याकडे गेले की पुन्हा जुळतात."

"बराबर सांगते का?"

"एकदम बराबर सांगते काकू."

वसरामभाऊ भिंतीकडे तोंड करून उभे होते. शेवटी "थँक यू" आलं, आणि रेकॉर्डिंग तसंच चालू राहिलं. काजल मराठीत म्हणाली, "झालं मॅडम. आता बंद कुठून करू?" आणि लांबून माझाच आवाज, "लाल बटन दाब ना बेटा."

तिथे संपतं ते. सोनीबाई त्यांच्या तांड्यावरच्या गोर बोलीत हळूच काहीतरी म्हणाली. काय, ते मी विचारलं नाही.

फाइल मी वसरामभाऊंच्या मोबाइलमध्ये टाकून दिली. मग राहवलं नाही म्हणून कोरं पान उघडून सोनीबाईला म्हटलं, "काकू, पुन्हा एकदा हात चालवून बघा बरं." तिनं घाबरत एका बोटानं एक बटन दाबलं आणि दाबूनच धरलं. ओळभर एकच अक्षर उमटत गेलं.

निघताना तिनं विचारलं, "आता हे खातं पुसून टाकतीन?"

"हो काकू."

"मंग आत्ता तुमीच बंद करा. तुमी वळखत होत्या तिले."

मी साइन आउट केलं.

नंतर मी सगळं तपासलं. ब्राउझरमध्ये पासवर्ड सेव्ह नव्हता. आमची मशीनं रीस्टार्ट झाली की तसंही सगळं साफ होतं, आणि ते मशीन त्या दिवशी मीच चालू केलं होतं. शिवाय ठिपके उमटताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. कॉलेजात कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, दमली असशील.

खातं पुढे डिलीट झालं. वसरामभाऊंचा अधूनमधून फोन येतो, सोनीबाई आता जेवते म्हणतात. तुमच्यात कोणी जाणकार असेल तर सांगा... मला आजवर काही सुचलेलं नाही. तो पासवर्ड काय होता, हे मला माहीत नाही. सोनीबाईलाही नाही.