सलूनवाल्याचं बोट

आमचे हे सलून चालवतात. एक खुर्ची, एक बाक. रेडिओ नाही, ती उणीव हेच बडबडून भरून काढतात.

मग हातांवर सोरायसिस उठला. लाल चट्टे, वर पांढऱ्या खपल्या. हा आजार कुणाला लागत नाही, पण हे गिऱ्हाइकाला कोण समजावणार? गालावरून फिरणाऱ्या हाताच्याच खपल्या पडताहेत म्हटल्यावर माणसं दारातूनच "आज जरा घाई आहे" म्हणत पसार व्हायची. मलमं झाली, गोळ्या झाल्या. शेवटी डॉक्टरांनी बायोलॉजिक म्हणतात ते महागडं नवं इंजेक्शन सुरू केलं. ते पेनसारखं असतं, मांडीत टोचायचं. टोचायचं काम माझ्याकडे, कारण दुसऱ्याच्या गळ्यावर बिनधास्त वस्तरा फिरवणारा हा माणूस सुई दिसली की डोळे गच्च मिटतो. काही महिन्यांत हात लख्ख झाले आणि बाकावर पुन्हा माणसं दिसू लागली.

पण नर्सबाईंनी मला बजावलं होतं, "या औषधाने अंगाची जंतूंशी लढायची ताकद कमी होते. ताप आला, जखम चिघळली, तर इंजेक्शन द्यायचं नाही. आधी फोन करायचा." तेव्हापासून हे नुसते शिंकले तरी मी दचकायची.

आणि एके दिवशी कात्रीने यांचं बोट कापलं. सलूनवाल्यांची जुनी खोड अशी की, कापलं की तुरटी फिरवायची आणि "चला, पुढचं कोण?" म्हणायचं. यांनीही तेच केलं. तीही दिवसभर सगळ्यांच्या गालांवरून फिरलेली तुरटी! मला सांगतील तर शपथ. इंजेक्शनच्या दिवशी मी पेन हातात घेतलं, तर यांनी डावा हात पाठीमागे नेला. मी ओढून पाहिला. बोट टम्म सुजलेलं, लाली मनगटाकडे चढलेली, अंग तापलेलं.

"टोच तू," हे म्हणाले. "बोटाचं काय, होईल बरं."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"इंजेक्शन चुकलं तर चट्टे परत येतील गं. मग कुणाच्या गालाला हात लावू मी?"

मलाही तीच भीती होती. पण हा माणूसच हातचा जाईल ही भीती मोठी होती. पेन टेबलावर ठेवलं, फोन केला आणि यांना अक्षरशः ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी लगेच दाखल करून घेतलं. "आज इंजेक्शन दिलं असतं तर..." एवढंच म्हणून ते थांबले.

बोट वाचलं. पण जखम पूर्ण भरेपर्यंत इंजेक्शन बंद.

ती भरता भरेना. मी रोज चोरून यांचे हात, कोपर, पाठ बघायची. काल हे आंघोळ करून आले आणि मला मानेच्या मागे, केसांखाली, नाण्याएवढी लाली दिसली. माझा चेहरा बोललाच असणार. यांनी पिशवीतून सलूनमधला छोटा आरसा काढला, माझ्या हातात दिला आणि भिंतीवरच्या आरशासमोर ताठ बसले.

"मागे धर. गिऱ्हाइकाला दाखवतो तसा."

मी आरसा धरला, पण लालीच्या जरा बाजूला.

"नीट धर," हे म्हणाले.

मी नीट धरला.