पोटाच्या वेगानं चालणारी बस

“पोरी, पोट धरू नको. ते काम माझं हाय.”

स्पीडब्रेकर दिसला की आमचे ड्रायव्हर मामा आरशात बघून एवढंच म्हणायचे. मग दौंडहून रांजणगावला निघालेली आमची कंपनीची बस त्या उंचवट्यावरून अशी उतरायची, जणू झोपलेल्या माणसावर कुणी हळूच चादर टाकतंय.

हे सगळं पॅकिंगमधल्या एका मुलीसाठी. ती इनामगावच्या फाट्यावर चढायची. सुरुवातीला पोट दिसतसुद्धा नव्हतं. खिडकीशी बसून सारखी लिंबू हुंगायची. मी मोठ्या जाणतेपणानं तिला ॲसिडिटीची गोळी देऊ केली. मामांनी आरशातून माझ्याकडे असं पाहिलं, की ती गोळी मीच गिळली.

गेटवर उतरल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. “सायेब, मागच्या खेपेला पाचव्या महिन्यात गेलं तिचं. औंदाचा पाचवा माझ्या गाडीत यायचाय.”

पाचवा आला. ओढणीआडून पोट आता जरासं डोकावू लागलं आणि बस बैलगाडी झाली. लेट मार्कांनी हैराण होऊन एकदा मी ओरडलो, “मामा, पळवा की जरा!”

“तुमच्या पोटाला काय व्हतंय? त्यात नुसती मिसळ हाय!”

माझं पोट तेव्हाही तिच्यापेक्षा दोन महिने पुढं होतं. बस आठवडाभर हसत होती.

दुसऱ्या दिवसापासून मामा दौंडहूनच लवकर निघायला लागले. मला कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं तेव्हा मी झोपेत असेन. तोंडात ब्रश तसाच ठेवून मी बसमागं धावलो, ते पाहून चहावाल्यानं टाळ्या वाजवल्या.

पाचवा सरला. त्या दिवशी मामांनी उगाचच एकदा हॉर्न वाजवला. मग पोटानं घाई केली. तिची डब्याची पिशवी मांडीवरून सरकत गुडघ्यापर्यंत आली. सातव्यात मांडी उरलीच नाही. पिशवी थेट पोटावर, फळीवर ठेवावी तशी. एकदा ती पिशवी आपोआप उडाली.

“मामा, लाथ मारली!” ती ओरडली.

“मारू दे. ब्रेक तपासतंय.”

तुम्ही कधी अशा गाडीत बसलाय का? बाहेर उसावर धुकं, इंजिनाचा संथ घुमघुम, आणि आत एकूण एक माणूस गाढ. मला तर स्वप्न पडायचं, की बसलाच दिवस गेलेत आणि आम्ही सगळे गुडघे पोटाशी घेऊन आत तरंगतोय. एकदा जाग आली तेव्हा बस पार्किंगला रिकामी उभी, आणि मामा माझा खांदा हलवत होते, “उठा सायेब, दिवस भरले.”

रजेवर जाण्याच्या दिवशी ती फाट्यावर उतरली, तेव्हा पोट बरंच खाली आलं होतं. एक हात कमरेवर, एक दांडीला. ती रस्ता ओलांडून वळणाआड जाईपर्यंत मामांनी गाडी हलवली नाही. त्या वेळी मीही ओरडलो नाही.

पुढच्याच महिन्यात मामा रिटायर होऊन केंदूरला शेतावर गेले. नवा ड्रायव्हर चलाख आहे. आम्ही आता वेळेआधी पोचतो, आणि बसमध्ये कुणाचा डोळा लागत नाही.

परवा फाट्यावर ती उभी दिसली. खांद्यावर टोपडं घातलेलं बाळ. ड्रायव्हरच्या सीटकडे टाचा उंचावून बघत म्हणाली, “मामा कुठंयत? त्यांना दाखवायला आणलंय.”

मी सांगितलं. ती नुसती “व्हय का” म्हणाली, आणि तिनं बाळाचं तोंड आमच्याकडे वळवलं. ते गाढ झोपलं होतं. तेवढ्यात नव्या ड्रायव्हरनं गाडी काढलीही.

समोर स्पीडब्रेकर आला. आरशातून कुणी काही बोललं नाही. सगळ्या बसनं आपापलं पोट धरलं.