गोलकीपर नुसता उभा असतो

"त्या राघूला काढा मास्तर," चेअरमनसाहेब म्हणाले. "मी सबंध मॅच बघितली. दहा जन घाम गाळत्यात आन् ह्यो गडी पायाला उशा बांधून नुसता हुबा. एकदा तरी बॉलला शिवला का?"

सत्तर-एकाहत्तरचा गळीत हंगाम संपत आला होता. नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात मी वेल्फेअर ऑफिसर होतो. हॉकी टीमचा कोचही मीच. राघू आमचा गोलकीपर. कारखान्यात तो सीझनल होता, म्हणजे उसाचं गाळप संपलं की घरी. टीममधल्या पोरांना पर्मनंट करायचं चेअरमननी कबूल केलं होतं. राघूच्या घरी नुकताच पाळणा हलला होता, त्यामुळे त्याचं सगळं लक्ष त्या नोकरीकडे लागलेलं.

"साहेब, तो मागून ओरडून बॅकना जागेवर ठेवतो," मी म्हणालो. बॅक म्हणजे गोलच्या पुढ्यात राखण करणारे दोघं. "म्हणून बॉल त्याच्यापर्यंत येतच नाही."

"वरडायला पगार कशाला? आमच्या गावचा सर्जा पैलवान घ्या. निम्मा गोल तर तो हुबा ऱ्हायला तरी झाकंल."

हुकूम तो हुकूम. रविवारी भिंगारला लष्कराच्या टीमशी मॅच होती. राघू बाहेर बसला आणि सर्जा पॅड बांधून आत गेला.

सर्जा कुणाला ओरडून सांगणार? त्याला स्वतःलाच काही ठाऊक नव्हतं. आमचे बॅक वाट फुटेल तिकडे धावू लागले आणि बॉल सारखा गोलवर येऊ लागला. दोन गोल झाल्यावर सर्जा चिडला. पुढचा बॉल आला तसा तो त्याच्यावर पालथा पडला. पोटाखाली बॉल, हातपाय पसरलेले, मातीला छाती चिकटवलेली. कुस्तीत पाठ टेकली की हार, तेव्हा पालथा पडलेला पैलवान हरत नाही, हे त्याच्या अंगात भिनलेलं. तीन जवान त्याला हलवायला लागले, पण गडी तसूभर हलेना.

"पाठ लागू दिऊ नको रं सर्जा!" चेअरमन खुर्चीवर उभे राहून ओरडले.

अंपायरनं शिट्टी मारली. गोलकीपरनं बॉल अडवायचा असतो, धरून ठेवायचा नसतो. लष्कराला पेनल्टी स्ट्रोक मिळाला, म्हणजे समोर एकटा गोलकीपर आणि मारणारा एक. तिसरा गोल झाला. पुढचे मी मोजले नाहीत.

परतताना जीपमध्ये चेअरमन खुशीत होते. "हरलो, पन गडी राबला का न्हाई?"

माझं डोकं फिरलं. "साहेब, आपल्या गोडाऊनच्या गेटवरच्या वॉचमननं कधी चोर पकडलाय?"

"न्हाई."

"मग त्याला कशाला पोसता?"

चेअरमन मांडीवर थाप मारून म्हणाले, "पटलं मास्तर. लई पटलं."

त्या रात्री मी स्वतःवर भलताच खूश होतो.

दोन दिवसांनी राघू पेढे घेऊन आला. "सर, पर्मनंट झालो!" त्याचे डोळे भरून आले होते. मलाही भरून आलं. मी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "कुठल्या खात्यात?"

"गोडाऊनच्या गेटवर, वॉचमन. सेकंड शिफ्ट, चारला चालू."

मी तडक चेअरमनची केबिन गाठली. "साहेब, आपली प्रॅक्टिस पाचला असते!"

"तुमीच म्हनलात ना? जुन्या वॉचमनला एक चोर गावला न्हाई. त्याला दिला केनयार्डात, उसाच्या गाड्या लावायला. राघू राखन चांगली करतोय, तो गेटवर. आन् गोलमदी सर्जा हायच की."

पुढचे दोन सीझन सर्जाच गोलमध्ये होता. ग्राउंड गेटला लागूनच असल्यानं राघू तिथूनच ओरडायचा, "पैलवान, डावीकडं बघा! पडू नका!"

मी नोकरीत पुढे बरीच वर्षं काढली. साहेबांना मुद्दे सांगितले, विनवण्या केल्या, प्रसंगी भांडलोही. उदाहरण मात्र पुन्हा कधी दिलं नाही.